खरखर नसलेला आवाज

या जगात काहीही विकत मिळेल, पण शांतता मिळणार नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोक आखाडा बाळापूरला आलेले नसावेत. तिथं बसस्टँडसमोरच्या शकीलच्या मोबाइल दुकानात ती खोक्यात घालून मिळत होती, काळ्या आणि निळ्या अशा दोन रंगांत. घासाघीस केली तर सोबत चार्जरची वायर फुकट.

संतरामनं काळी घेतली.

खरं तर शांतता त्याला नको होती, शकीलला हवी होती. शकीलचं घर आणि संतरामचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही बांधताना विटा कमी पडल्यासारखी. संध्याकाळी संतरामचा टीव्ही लागला की बातम्या दोन्ही घरांना मिळून ऐकाव्या लागत. पलीकडं शकीलची पोरगी हुमेरा बारावीचा अभ्यास करायची आणि तिची आजी, खतीजाबी, तसबीहची जपमाळ ओढत बसायची. दोघींच्याही डोक्यात सोयाबीनचे भाव जाऊन बसले होते. भांडण करायचं तर चाळीस वर्षांचा शेजार. मग शकीलनं व्यापाऱ्याची अक्कल वापरली. ‘काका, वायर न्हाई, काही न्हाई, नुसतं कानाला लावायचं. आवाज तुमच्यापुरता,’ असं म्हणून त्यानं स्वतःच्या घरची शांतता शेजाऱ्याला विकली आणि वर थोडा नफाही काढला. जाता जाता बजावलं, की रोज चार्जिंगला लावायचं. स्वस्तातला माल आहे, एक दिवस चुकला की बंद पडतो.

संतरामचे कान मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेले होते. उभी हयात त्यानं तिथं लिलावाची हर्राशी पुकारली. हळदीच्या ढिगाशेजारी उभं राहायचं, व्यापाऱ्यांच्या बोटांकडं बघायचं आणि चढता भाव पत्र्याच्या शेडखाली शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा ओरडायचा. एक बार, दोन बार, तीन बार. तिसऱ्या बाराला ज्याची बोली वरची, माल त्याचा. त्या ओरडण्यानं कान बसले आणि घसा असा फाटला, की साधं ‘पाणी दे’ म्हटलं तरी कुणीतरी पोतं फरफटत नेतंय असं वाटावं.

बाहेर इतकं बोलणारा माणूस घरात काय बोलणार? बायकोशी, सखुबाईशी, त्याचं काम ‘वाढ’, ‘बास’ आणि ‘दार लाव’ यांवर भागत होतं. दोघांचं भांडण मात्र कधी झालं नाही. भांडायचं म्हटलं तरी बोलावं लागतं.

घरात तो सविस्तर बोलला असेल तर एकदाच. सखुबाईचा भाऊ प्रेमदास शिरड शहापूरला राहायचा. त्याच्या पोराच्या लग्नात आहेर झाले, तेव्हा संतरामला टॉवेल मिळाला, टोपी मिळाली नाही. टोप्या कमी पडल्या, असं प्रेमदास म्हणाला. ज्यांना कमी पडल्या नव्हत्या त्यांच्या डोक्यांकडं एकवार बघून संतराम म्हणाला, की आजपासून या घरची पायरी बंद. बायकोची पायरी त्यात आपोआप आली. याला आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून भाऊबीजेला सखुबाई अंगणात पाट मांडायची आणि चंद्राला ओवाळायची. चंद्र मान-अपमान करत नाही, हा त्यात फायदा.

हेडफोन आला आणि घर गप्प झालं. संतराम खुर्चीत, कानावर दोन काळ्या वाट्या, समोर टीव्हीवर तोंडं हलतायत. सखुबाई खाली बसून शेंगा फोडायची. त्याला बातम्या अशा स्वच्छ ऐकू येत, जणू बातम्या देणारी बाई त्याच्याच कानशिलात राहायला आली होती. फक्त मधूनच, ती श्वास घ्यायला थांबली की मागं बारीक गलका ऐकू यायचा. लांबवर पुष्कळ माणसं, पत्र्याखाली. त्यानं शकीलला विचारलं. शकील म्हणाला, रस्त्यावरच्या ट्रका पकडत असेल, स्वस्तातल्याला अक्कल नसते.

पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी ताटात अंबाडीची भाजी आली. संतरामला अंबाडी आवडत नव्हती हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्यानं नुसतं वर पाहिलं.

“तुमीच म्हणले काल,” सखुबाई म्हणाली, “आंबाडी खावीशी वाटून राहिली म्हणून.”

म्हणालो असेन, असं तो धरून चालला. म्हातारपणी माणूस विसरतो. विसरलेलं आठवत नाही, त्यामुळं तक्रारीला जागा नसते. भाजी त्यानं खाल्ली. पण हेडफोन काढल्यावर जबडा का दुखतो, हे त्याला कळत नव्हतं. घसाही कोरडा पडलेला असायचा. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी व्हायचं तसंच. बातम्या बघून कुणाचा जबडा दुखल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

सखुबाई बदलली होती, हे तर त्याच्याही लक्षात आलं. ती केस धुऊन तेल लावू लागली. सहा वाजले, की ती टीव्हीसमोरची खुर्ची पुसून ठेवायची आणि हेडफोन खोक्यातून काढून खुर्चीच्या हातावर. टीव्ही तिनं कधी पाहिला नव्हता आणि आताही पाहत नव्हती. ती त्याच्याकडं तोंड करून बसायची.

मग एकदा सकाळी नळावर खतीजाबीनं त्याला गाठलं. हात कंबरेवर, चेहऱ्यावर हसू.

“आजकल बहोत मीठी बातां करते भाभीसंगात, संतराम भाऊ. दीवार के पीछे सब सुनाई देता. इस उमर में.”

संतराम म्हणाला, मी तर कानाला लावून गप बसलेलो असतो. खतीजाबीला तो विनोद वाटला. मग काहीतरी आठवून ती म्हणाली, की गळ्याला कुठलं औषध घेतलं ते शकीललाही सांगा, त्याला खोकला आहे. आवाज कसा मोकळा झाला तुमचा.

घागर भरून वाहायला लागली तरी संतराम तिथंच उभा होता. त्यानं हळूच खाकरून पाहिलं. घशात पोतं होतं त्याच जागी होतं.

दिवाळी जवळ आली. सखुबाईनं माळ्यावरून पिशवी काढली, झटकली, उन्हात टाकली. त्यानं विचारलं, काहून? ती म्हणाली, भाऊबीजेला शिरडला जायचं म्हणून.

“कोण म्हणलं?”

“तुमीच. प्रेमदासला निरोप बी धाडला. लई रडला म्हणं तो.”

ती हे सांगताना पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. गाठ नीट बसली का ते तिनं दोनदा ओढून पाहिलं. संतरामला ‘नाही’ म्हणायचं होतं. तो शब्द त्याच्याकडं होता, नेहमी असायचा. पण ज्यानं होकार दिला होता त्याच्याच तोंडानं नकार द्यायचा, हे त्याच्या हिशेबात बसेना.

त्या दिवशी त्यानं शकीलकडून मोबाइलवर आवाज कसा भरून घ्यायचा ते शिकून घेतलं. लाल टिकली दाबायची आणि विसरून जायचं. संध्याकाळी त्यानं मोबाइल टीव्हीच्या मागं उभा केला, टिकली दाबली आणि हेडफोन लावून बातम्या बघितल्या. त्याला नीट आठवत होतं. कापसाची बातमी होती, मग पावसाची, मग कुठल्याशा पुलाची. त्याचा ओठसुद्धा हलला नव्हता. बातम्या संपल्या तेव्हा जबडा दुखत होता.

दुसऱ्या दिवशी तो मोबाइल आणि हेडफोन घेऊन शकीलच्या दुकानात गेला. त्याच्या कानांना मोबाइलचं बारकं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून ऐकायचं तेही हेडफोनमधूनच ऐकावं लागणार होतं. शकीलनं जोडून दिलं. संतराम स्टुलावर बसला, समोर लटकणारी मोबाइलची कव्हरं बघत.

आधी भांड्यांचा आवाज. शेंगा फुटल्याचा. मग एक बाई हसली. ही कोण बाई, असं त्याला वाटलं, आणि मग तिच्या बांगड्यांवरून कळलं. सखुबाई हसते कशी, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“मंग काय झालं ते सांगा की,” ती म्हणाली.

आणि पुरुषाचा आवाज आला. संतरामचाच होता. बोलायची धाटणी, शब्दावर टेकायची सवय, सगळं त्याचंच. त्यात खरखर नव्हती. मोंढ्यात जायच्या आधी त्याचा आवाज असा होता का, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

“मंग तुझ्या आयनं बाजंखाली शेंगाचं गाठोडं दडवलं,” आवाज म्हणाला, “आन तू ते एकटीनं खाल्लं, द्वारके. रातभर पोट धरून बसली. कोणाला सांगितलं न्हाई.”

“तुमाला कसं ठाऊक हो?”

आवाज बोलतच राहिला. त्यानं तिला आणखी काय काय सांगितलं. विहिरीच्या कठड्यावर बसून पाय हलवल्याचं. प्रेमदासला ताप आला तेव्हा तिनं त्याच्या कपाळावर ठेवलेल्या ओल्या फडक्याचा रंग. ती मधेच रडली, मधेच हसली. संतराम ऐकत गेला. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्याबद्दल इतकं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागं, खूप लांब, पत्र्याखालचा गलका होताच. ट्रका म्हणाव्यात, तर घर रस्त्यापासून आत होतं.

शेवटी शेवटी सखुबाई काहीतरी विचारायला लागली. आवाजानं तिला थांबवलं.

“हळू,” तो म्हणाला. “तो ऐकून राहिला.”

संतरामनं हेडफोन ओढून काढला.

शकील काउंटरपलीकडं उभा होता. हातातला गिऱ्हाइकाचा मोबाइल त्यानं खाली ठेवला होता. गिऱ्हाईक गेलं होतं. शकीलचा चेहरा पुसून काढल्यासारखा झाला होता.

“काका,” तो म्हणाला, “आत्ता बोलले ते आमच्या अब्बांचं तुमाला कोणी सांगितलं?”

संतराम म्हणाला, काय सांगितलं मी? शकीलनं मान हलवली. पुन्हा विचारलं तरी मान हलवली. हेडफोन परत घे, पैसे नको, असं संतराम म्हणाला, तेव्हा तो दोन पावलं मागं सरकला. फडताळाला पाठ लागली तरी तो सरकतच होता.

“घरीच ठेवा ते,” तो म्हणाला. “आन अम्मीसमोर लावू नका.”

त्या संध्याकाळी संतरामनं टीव्ही लावला नाही. हेडफोन खोक्यात घातला, खोकं फळीवर ठेवलं आणि खुर्ची फिरवून सखुबाईकडं तोंड करून बसला. तिनं खुर्ची पुसून ठेवलेली होती.

“द्वारका कोण?” त्यानं विचारलं.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. “मीच की,” ती म्हणाली. “म्हायेरी.”

मग त्याला आठवलं. लग्नाच्या दिवशी आईनं तांदळाचं ताट पुढं केलं होतं. अंगठीनं त्यानं तांदळात सुनेचं नवं नाव लिहायचं होतं. आई म्हणाली, सखू लिही. त्यानं सखू लिहिलं. त्याआधी तिथं कुठलं नाव होतं, ते विचारायची पद्धत नव्हती. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले.

आपण बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. शेडच्या टोकापर्यंत आवाज पोचवलेला माणूस, समोर बसलेल्या बाईपर्यंत पोचायला काय लागतं? त्यानं घसा खाकरला. पंख्याकडं पाहिलं. भिंतीपलीकडं हुमेरा काहीतरी पाठ करत होती, ते त्याला ऐकू येत नव्हतं, पण सखुबाईच्या मानेवरून कळत होतं.

“जेवली का?” त्यानं विचारलं.

दोघं आत्ताच एकत्र जेवले होते.

सखुबाई त्याच्याकडं बघत राहिली. राग नव्हता. पाहुणा येऊन बसला आणि बोलणं सुचेना, की घरची बाई बघते तसं. मग ती उठली, फळीवरचं खोकं काढलं आणि वायर शोधायला लागली.

“चार्जिंग संपली काय?”

“न्हाई,” संतराम म्हणाला. “बस. मी नेतो तुला शिरडला. मी.”

“तुमी कशाला तकलीफ घेता,” ती म्हणाली. “ते नेतो म्हणलेत.”

संतरामनं फळीवरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग त्यानं विचारलं, की ते म्हणजे कोण, हे तरी तिला ठाऊक आहे का.

“ठाऊक न्हाई.” तिनं वायर प्लगमध्ये लावली. हेडफोनवर बारका लाल दिवा लागला, तो लागला का ते तिनं वाकून पाहिलं. “तुमी न्हाईत, एवढं ठाऊक हाय. पण माझं नाव घेतेत.”

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दोघं निघाले. संतरामनं मनाशी पक्कं केलं होतं. शिरडपर्यंत तिच्या समाधानासाठी हेडफोन गळ्यात ठेवायचा. प्रेमदासच्या दारात तो सगळ्यांदेखत काढायचा, पिशवीत टाकायचा आणि स्वतःच्या फाटक्या आवाजात म्हणायचं, की टोपीचं झालं गेलं, आता आत घ्या. एवढी दोन वाक्यं. ती त्यानं बसस्टँडवर उभ्यानं घोकली. मग तिलाही ठरवू दे, कोणाशी बोलायचं ते.

हिंगोलीला गाडी बदलली. औंढ्यावरून जाणाऱ्या गाडीत गर्दी होती, लेकरं रडत होती, पत्रे वाजत होते. सखुबाईनं त्याच्या गळ्यातला हेडफोन उचलला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या कानांवर बसवला. लई गोंगाट हाय, म्हणाली. तिचे हात त्याच्या गालांना लागले. ते किती वर्षांनी, हे त्याच्या मनात येईपर्यंत जग बंद झालं.

टीव्ही नव्हता. मोबाइल जोडलेला नव्हता. हेडफोनमध्ये काही असायला नको होतं.

आधी पत्र्यावरच्या चिमण्या. मग पोती ओढल्याचा आवाज. काट्यावर वजन टाकल्याचा ठण्णकार. गलका आता लांब नव्हता, तो गलक्याच्या मधोमध बसला होता. बाहेर खिडकीतून कापसाची रानं मागं जात होती, कंडक्टरचं तोंड हलत होतं, सखुबाई त्याच्या बाजूला वळून हसून काहीतरी ऐकत होती.

मग पुकारणारा ओरडायला लागला. तो आवाज संतरामनं लगेच ओळखला. पोतं फरफटल्यासारखा.

हर्राशीत आधी माल सांगतात. कुठला, कुणाचा, ओला की सुका. हा पुकारणारा माल सांगतच नव्हता. भाव मात्र चढत होता. आणि दर वेळी समोरून एकच माणूस बोली वाढवत होता, घाई न करता, मोकळ्या, स्वच्छ आवाजात.

शिरड शहापूर आलं. संतरामचे पाय उतरले.

प्रेमदासचं दार निळं होतं. म्हातारा झाला होता तो. उंबऱ्यात उभा होता, हातात ताट, ताटात नवी पांढरी टोपी.

आता काढायचा, संतरामनं ठरवलं. त्यानं हात उचलले.

हात वर आले आणि एकमेकांना जुळले. प्रेमदासनं ताट बाजूला दिलं आणि त्याला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून संतरामला दिसलं, अंगणातली माणसं डोळे पुसत होती. कुणीतरी काहीतरी फार चांगलं बोलत असावं.

एक बार, पुकारणारा म्हणाला.

प्रेमदासनं टोपी उचलली आणि दाजींच्या डोक्यावर ठेवली. हेडफोनच्या पट्टीवरच ती घट्ट बसली. वरून त्यानं हातानं दाबली.

दोन बार.

सखुबाई समोर आली. दिवेलागणीला रस्त्यावरून कुणाच्या घराच्या खिडकीत बघावं, तसं तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. कुणी आहे का ते. तिनं नीट पाहिलं. मग पदर सारखा केला आणि नजर खाली, त्याच्या ओठांवर आणली, आणि हसली.

मी हाय, असं संतराम ओरडला. शेडच्या टोकापर्यंत जाईल असं, होतं तेवढं सगळं लावून ओरडला.

हेडफोनमध्ये फाटका आवाज ओरडला.

तीन बार, म्हणाला.

भाऊबीज चांगली झाली. दाजी लई बदलले, असं शिरडात सगळे म्हणाले. आठवडाभर दोघांना कुणी जाऊ दिलं नाही. रोज रात्री जेवणं झाली, की दाजी टोपी घालून बाजेवर बसायचे आणि आळीतली माणसं ऐकायला यायची. कानाला काय लावलंय, असं एक-दोघांनी विचारलं. सखुबाई म्हणाली, त्यांना वाऱ्याचा त्रास आहे.

इकडं बाळापुरात खतीजाबीनं शकीलला दोनदा उठवलं. ती म्हणाली, संतरामच्या बंद घरात टीव्ही चालू राहिला असावा, कुणीतरी बसक्या आवाजात भाव ओरडून राहिलंय, हुमेराला वाचू देत नाही. शकील दोनदा खिडकीतून बॅटरी मारून आला. टीव्ही बंद होता. मेन स्विच खाली होता. खुर्ची पुसलेली होती.

हेडफोनच्या चार्जरची वायर प्लगमध्ये तशीच लटकत होती. न्यायची विसरली होती.